आवर्तन शनिवारी सुटणार

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ठरलं. मी सूत्रधार होणार.

इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. पण मास्टर म्हटलं की आमच्या निमगाव केतकीत शाळेतला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि छडी. म्हणून सूत्रधार. खेळ असा: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कप्तान, इंजिनियर, डॉक्टर वगैरे. सूत्रधार गोष्ट सांगतो, जग उभं करतो. आपलं पात्र काय करतं ते खेळाडू तोंडाने सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. रोलप्लेइंग. पुण्यात सर्रास चालतं. इंदापूर तालुक्यात कुणाला गंध नाही. म्हणजे मी पहिला.

माझी मोहीम विज्ञानकथेची. स्रोत दोनच घ्यायचे, विज्ञान आणि कल्पना. विज्ञान हाडात आहे (ज्युनियर कॉलेजची फिजिक्स लॅब सांभाळतो). कल्पनेसाठी परदेशी कथा वाचतोय. तिसरा स्रोत घरात घ्यायचा नाही. गाव, शेती, भावकी, इलेक्शन, काही नाही. ज्याला वैतागून माणूस अंतराळात जातो तेच तिकडे कशाला न्यायचं?

फेब्रुवारीत पुण्यात या खेळांचा मेळावा आहे. मोजकी टेबलं निवडणार. एका पूर्ण डावाचं रेकॉर्डिंग दहा जानेवारीच्या आत पाठवायचं. लॅबमध्ये मी नुसती मांडामांड करतो, प्रयोग दुसरे करतात आणि मार्क तिसऱ्याला मिळतात. हा प्रयोग माझा आहे. पुण्यातलं टेबल मला पाहिजे म्हणजे पाहिजे.

प्रतिक्षाला (बायको, बारामतीला पतसंस्थेत नोकरीला) सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जग तयार!

एका लेखात वाचलं की काही ग्रह आपल्या ताऱ्याकडे कायम एकच तोंड करून फिरतात. एका अंगाला कायमचा दिवस. दुसऱ्या अंगाला कायमची रात्र, आणि तिकडे नुसता बर्फ. मधल्या पट्ट्यात कायम संध्याकाळ. वाचताना अंगावर काटा आला. त्या संध्याकाळच्या पट्ट्यात झेनॉर नावाचा प्राचीन परग्रहवासी लाखो वर्षं माणसाची वाट बघतोय. त्याच्याकडे एक संदेश आहे. संदेश उलगडला की कृष्णविवराचा रस्ता सापडतो. तिथे शेवट. शेवट लिहिताना मलाच भरून आलं.

मोहिमेचं नाव: आवर्तन. ग्रह फिरतो, काळ फिरतो, सगळंच फिरतं. गहन आहे. प्रत्येक डावाला आवर्तनच म्हणायचं. पहिलं आवर्तन, दुसरं आवर्तन.

ऑनलाइन मागवलेले फासे आले. आबा ओट्यावर बसले होते. आबा म्हणजे वडील, मोहनराव. गावच्या विकास सोसायटीचे वर्षानुवर्षं चेअरमन. गेल्या निवडणुकीत पडले, तेव्हापासून ओट्यावरच असतात. त्यांनी एक फासा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, ह्ये कशाचं बी हाय?

शनिवार, ८ नोव्हेंबर

खेळाडू मिळाला एक. नागेश. स्टँडसमोर खता-औषधांचं दुकान आहे त्याचं. माझ्यावर विश्वास म्हणून तयार झाला. सासरे मुक्कामाला आलेत, घरात थांबायला नको, असंही म्हणाला, पण ते गमतीने.

कॉलेजात विचारलं. फिजिक्सचे सर म्हणाले, परग्रहावर जायचं? आधी लॅबमधले ते तुटके व्हर्नियर कॅलिपर बदलून द्या. सगळे हसले. हसा. गॅलिलिओलाही लोक हसले असतील.

पब्लिसिटी कमी पडतेय. बाकी काही नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी टाकलं:

पहिले आवर्तन येत्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता सुटणार. जागा मर्यादित. इच्छुकांनी नावे त्वरित नोंदवावीत.

खाली माझं पूर्ण नाव, आबांच्या नावासकट. आधी 'सुरू होणार' लिहिलं होतं. मग 'सुटणार' केलं. त्यात रॉकेटचा वेग आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डोळ्यांवर विश्वास बसत नाही!! नावांचा पाऊस. गाव वरून ओबडधोबड दिसतं, आत केवढी भूक आहे! काहींनी नावापुढे गट नंबर आणि क्षेत्रही दिलंय. शिस्तीची माणसं. गट मी पाडणारच होतो.

म्हस्कूतात्यांनी विचारलं, टेलपर्यंत पोचंल का? मी लिहिलं, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल, माझा शब्द आहे. त्यावर एकवीस अंगठे आले. एकाने विचारलं, सात नंबर भरावा लागंल का? फाशाचं विचारत असावा. मी लिहिलं, कुठलाही नंबर चालेल. त्याने हात जोडलेली चित्रं पाठवली.

बावड्याहून फोन, आमच्याकडं कधी सुटणार? म्हटलं, आधी इथं यशस्वी होऊ द्या, मग बावड्यालाही सोडू. सुप्याच्या मावसभावाचाही फोन आला. म्हणाला, दादा, आमी कायम कोरडं, आमच्याकडं बी बघा की जरा. गहिवरून आलं. माणसं मनाने किती कोरडी पडलीत.

आबांना लोक रस्त्यात थांबवून धन्यवाद देतायत. कशाबद्दल ते आबांना कळेना. म्हणाले, तू काय भानगड केलीयास? म्हटलं, शनिवारी बघा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. तरी लिहितो. इतिहासात खरं आलं पाहिजे.

सहाच्या आधीच अंगण भरलं. बऱ्याच जणांकडे फावडी. मला वाटलं, थेट रानातून आलेत. टेबलामागे उभा राहिलो. म्हस्कूतात्यांनी विचारलं, पाणी कुठवर आलंय? मी खूश. पहिलाच प्रश्न आणि इतका नेमका. म्हटलं, तात्या, पाणी सगळं अंधाऱ्या बाजूला आहे, बर्फाच्या रूपात, आणि ते आणायला आपल्याला यानाने जायचंय.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

त्यांना कॅनॉलचं आवर्तन वाटलं होतं. कॅनॉलचं! इथे पाटाला पाणी सोडलं की त्याला आवर्तन सुटलं म्हणतात, हे मलाही माहीत आहे, मी काय लंडनला वाढलो नाही. पण शब्द संस्कृत आहे. पाटबंधारे खात्याने विकत घेतलेला नाही. टेल म्हणजे कॅनॉलचं शेवटचं टोक, आणि सात नंबर म्हणजे पाणी मागायचा अर्ज निघाला. पाटाच्या चाऱ्या साफ करून ठेवल्या होत्या लोकांनी. एकाने गव्हाचं रान तयार करून ठेवलेलं. एक जण मेव्हणीच्या लग्नाची सुपारी फोडायचा कार्यक्रम सोडून आला होता, तो सगळ्यात जास्त बोलला. मोहनरावांच्या पोरानं टाकलं म्हंजी वरनं काम झालं आसंल, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

शेवटी आबा ओट्यावरून उतरले. हात वर केला. गप्प झाले लोक. आबा म्हणाले, पोरानं खेळाचं नाव ठिवलंय, पाण्याचं न्हाय. चूक झाली. पाण्याचं मी सोमवारी जाऊन इचारतो. आता आलाय तर च्या घेऊन जावा. प्रतिक्षाने पातेलंभर चहा केला, तो पुरला नाही, मग दुसरं. ती माझ्याशी बोलत नाहीये.

ग्रुपवरून मला काढलंय. त्यांचंच नुकसान.

जमेची बाजू: गर्दीतला एक जण थांबला. माऊली. ठिबक जोडून देण्याची कामं करतो. म्हणाला, फावडं घिऊन आलोच हाय तर बघू तरी काय हाय. आणि आबाही बसले. म्हणाले, ज्याच्यापायी एवढं ऐकून घेतलं ते काय ते बघू दे मला. म्हणजे माझ्या पब्लिसिटीने खेळाडू तिप्पट झाले.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिलं आवर्तन झालं. (मोहिमेचं नाव बदलणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.)

दिवे मंद केले, मोबाइलवर गूढ संगीत लावलं, आवाज खाली नेऊन सांगितलं: तुम्ही अशा ग्रहावर उतरलात जिथे सूर्य कधीच मावळत नाही. इथे खेळाडूंच्या अंगावर काटा यायला पाहिजे होता.

माऊलीने विचारलं, म्हंजी कायम दिवसाची लाईट?

म्हटलं, हो, शाश्वत प्रकाश. त्याने नागेशकडे बघितलं. नागेश म्हणाला, थ्री फेज? आणि दोघे हसायला लागले. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला रानात जायचं नाही, साप नाही, काही नाही! माऊली म्हणाला, मग माघारी कशाला जायचं? हितंच जमीन घिऊ. त्याने फासा टाकला, अठरा आला, आणि जमीन मिळाली. नियमच तसा आहे, मी काय करणार.

नागेशने मातीचं परीक्षण केलं. आबा कप्तान आहेत. त्यांनी विचारलं, पाणी किती लांब हाय?

झेनॉर खडकामागे तासभर थांबून होता. कुणी तिकडे गेलंच नाही.

निश्चय: पुढच्या वेळी झेनॉरलाच त्यांच्याकडे पाठवायचं.

रविवार, २३ नोव्हेंबर

पाठवला. आठ फूट उंच, पारदर्शक देह, तीन डोळे, आवाज जणू विश्वाच्या गाभ्यातून. आवाज मी आठवडाभर बाथरूममध्ये बसवला होता.

आबा म्हणाले, या झेनराव, बसा.

झेनराव! मी म्हटलं, त्याच्याकडे लाखो वर्षांचा संदेश आहे. आबा म्हणाले, हुईल संदेश निवांत, पावणा लांबनं आलाय, आधी च्या घिऊ द्या. मग चौकशी सुरू. मूळ कुठले? भाऊ किती? आपल्या वस्तीवरनं बर्फापातूर वाट कशीय? मला झेनॉरच्या आवाजात सांगावं लागलं की बर्फाकडून उताराला एक दरी आहे. झालं! माऊली टेबलावर ओणवा झाला. उतार हाय म्हणजे निम्मं काम गुरुत्वावर. चढाला तेवढे पंप टाकायचे. पाइप किती इंची घ्यायचा यावर नागेश आणि त्याचं भांडण लागलं. रंगात येऊन एकमेकांना वाट्टेल ते बोलले.

संदेश राहिला.

रविवार, ३० नोव्हेंबर

सहन होत नाही. अंतराळात यांनी सहकारी संस्था काढली.

अंधारी-उजेडी सहकारी उपसा जलसिंचन संस्था मर्यादित. आबा चेअरमन. मी म्हटलं, तुम्ही यानाचे कप्तान आहात, कप्तान! आबा म्हणाले, कप्तान मजी एका गाडीचा डायवर रं.

प्रतिक्षा चहा द्यायला आली होती. तिने विचारलं, सचिव कोण आहे? कुणीच नव्हतं. ती म्हणाली, सचिवाशिवाय संस्था म्हणजे काय पोरखेळ आहे का, आणि खुर्ची ओढून बसली. दोन आठवड्यांनी माझ्या टेबलावर आली ती अशी. आता इतिवृत्त लिहिते. कोण काय बोललं, कुणाची काय अडचण, सगळं तिच्या ध्यानात असतं. म्हणजे फक्त लिहून घेते. सर्जनशील असं त्यात काही नाही.

मग वाद निघाला, झेनरावांना सभासद करता येतं का. नागेश म्हणाला, परग्रहाचा माणूस. आबा म्हणाले, परग्रहाचं आपण. तो हितला. शेवटी प्रतिक्षाने सांगितलं की कार्यक्षेत्रातला रहिवासी पाहिजे, एवढंच उपविधीत असतं, आणि हे तर लाखो वर्षांचे रहिवासी. झेनॉर आता सभासद क्रमांक एक आहे. विश्वातला सर्वांत प्राचीन जीव! त्याला सभेची नोटीस मिळाली.

सोमवार, १ डिसेंबर

शांतपणे विचार केला. दोष खेळाडूंचा आहे.

यांना विज्ञानाचा धक्का दिला पाहिजे. कृष्णविवर लवकर आणायचं. तिथे भले भले गप्प होतात.

रविवार, ७ डिसेंबर

आणलं. फळ्यावर आकृती काढून समजावलं की कृष्णविवराजवळ काळ मंदावतो. तिथे काही तास घालवले तर बाहेर कित्येक वर्षं उलटलेली असतात. घरचे म्हातारे झालेले असतात, काही गेलेले असतात. इथे माझा आवाज खरोखर कापला.

सगळे विचारात पडले. मला वाटलं, पोचलं.

आबांनी विचारलं, चेअरमनची मुदत पाच वर्षांची. ती कुणाच्या घड्याळावर मोजायची?

मी म्हटलं, काय? आबा म्हणाले, चेअरमननं हापिस तितं न्यायचं, त्या इवराच्या कडंला. त्येच्या मनगटावर पाच वर्सं हुईस्तवर हितं शंभर निघून जातील. नागेशने टाळीच दिली. माऊली म्हणाला, आबा, ह्ये आदी म्हाईत असतं तर मागच्या टायमाला पडला नसता. आबा हसले. प्रतिक्षा मात्र म्हणाली, असं चालणार नाही, मुदत संस्थेच्या कार्यालयातल्या घड्याळावर, आणि कार्यालय नोंदणीकृत पत्त्यावरच राहील. त्यावर मतदान घेतलं. काळाच्या सापेक्षतेवर हात वर करून मतदान!

हताश आहे. झोपेपर्यंत हताश राहणार.

रविवार, १४ डिसेंबर

ओट्यावर बघायला लोक येतायत. म्हस्कूतात्या पहिल्या रांगेत, तेच फावडंवाले. आल्या आल्या विचारतात, पाणी कुठवर आलंय? आता मात्र ग्रहावरचं विचारतात. मला कुणी विचारत नाही. आबांना विचारतात. आबा सांगतात, दरी वलांडली, आता चढाचं काम ऱ्हायलंय.

आबांनी आज दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. बारामतीला लग्न असल्यासारखा. स्टँडवर त्यांना कुणी चेअरमनसाहेब म्हणालं, असं नागेश सांगत होता. तेही ठीक आहे. पण माझ्या मोहिमेचं काय? तिथे झेनराव रोज सभेला बसतात आणि त्यांचा संदेश विषयपत्रिकेवर शेवटी, 'ऐनवेळचे विषय' यात. तिथपर्यंत कोरमच राहत नाही.

मी उपरोधाने म्हटलं, तुम्हाला मी अंतराळ दिलं आणि तुम्ही त्याचा तालुका केला. माऊली म्हणाला, व्हय, झाला बगा.

त्याला ती स्तुती वाटली.

रविवार, २१ डिसेंबर

निर्णय घेतला. तीन जानेवारीला रेकॉर्डिंग. त्या डावात गोष्ट माझ्या हातात परत येणार.

उपाय विज्ञानातच सापडला. उल्का. उल्का कुणाच्या भावकीतली नसते, कुणाला निवडणुकीत उभं राहायचं नसतं. पाइपलाइन पूर्ण होणार त्याच क्षणी उल्का पडेल. सगळं नष्ट. त्या राखेत उभा राहून झेनॉर संदेश सांगेल आणि यांना ऐकावाच लागेल, दुसरं काही करायला उरलेलंच नसेल.

पुण्याचे परीक्षक थक्क होतील. प्रतिक्षाला सांगितलं नाही. सूत्रधार एकटाच असतो.

रविवार, २८ डिसेंबर

आज सरावाचा डाव. पाइपलाइनचं शेवटचं जोडकाम तेवढं बाकी ठेवलं. माऊली म्हणाला, फुडच्या शनवारी पाणी सोडू. म्हस्कूतात्या नारळ आणणार आहेत. खरा.

मी मनात हसलो. जरा वाईटही वाटलं. पण कलाकाराला कठोर व्हावं लागतं.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

कॅमेरा लावला. ओटा खच्चून भरलेला. माऊलीने फासा टाकला. वीस. पाणी सुटलं! लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. म्हस्कूतात्यांनी नारळ फोडला. आबांनी डोळे पुसले, ते रेकॉर्डिंगमध्ये दिसतंय.

आणि मी उल्का पाडली.

छान वर्णन केलं होतं. पंप गेले, पाइप वितळले, दरी बुजली. संगीतही बदललं. मग झेनॉरच्या आवाजात सुरुवात केली, हे मानवांनो.

कुणी ऐकत नव्हतं. माऊली टेबलाकडे बघत बसला होता. म्हणाला, दीड म्हैना जोडत हुतो की ओ. एवढंच. नागेश म्हणाला, फासा टाकला न्हाय, काय न्हाय, ह्येच्या मनात आलं म्हणून? मी म्हटलं, सूत्रधाराला तो अधिकार असतो. तेव्हा प्रतिक्षाने विचारलं, कुठल्या कलमाखाली?

त्यांनी आधी उल्केचा पंचनामा केला. दोन पंच, चतुःसीमा, सगळं रीतसर. मग नागेश उभा राहिला आणि अविश्वास ठराव मांडला. सूत्रधारावर. माझ्यावर! माऊलीने अनुमोदन दिलं. मी म्हटलं, अरे सूत्रधारावर ठराव येतच नसतो, मी म्हणजे विश्व आहे, मी म्हणजे गुरुत्वाकर्षण! ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, मजी पडायलाच पायजे.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने नागेश आणि माऊली. विरोधात प्रतिक्षा. बायको म्हणून नाही, म्हणाली, सात दिवसांची नोटीस निघाली नव्हती म्हणून. आणि विरोधात झेनराव. झेनराव मीच खेळतो, सभासद क्रमांक एक, मत आहे त्यांना. दोन विरुद्ध दोन. मी जिंकलोच होतो.

मग सगळ्यांनी आबांकडे बघितलं. समान मतं पडली की निर्णायक मत चेअरमनचं.

आबांनी एकदा ओट्यावरच्या लोकांकडे बघितलं. मग म्हणाले, त्यो माझा ल्योक हाय म्हणून त्याला राखला, असं उद्या कुणी म्हणाया नको. आणि पाणी पोचल्याव त्वाडायचं नसतं. त्यांनी हात वर केला. ठरावाच्या बाजूने.

नवीन सूत्रधार म्हणून प्रतिक्षा बिनविरोध. तिने पहिलं काम हे केलं, की उल्का नेमकी कुठे पडली ते फाशाने ठरवलं. बाजूला पडली होती.

रविवार, ४ जानेवारी

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. माझं जग, माझा ग्रह, आणि मलाच बाहेर काढलं. सकाळी जेवलो नाही. दुपारी डाळ-बट्टी होती म्हणून थोडं जेवलो.

आबा शेजारी येऊन बसले. जाताना माझ्यापुढे पानाचा डबा सरकवून गेले. मी पान खात नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

रेकॉर्डिंग मेळाव्याला पाठवलं. स्वतः. सोबत दीड पानाची तक्रार, की बघा, एका सूत्रधारावर भरसभेत कसा अन्याय झाला. सुजाण माणसं आहेत पुण्याची. न्याय मिळेल.

मंगळवार, २० जानेवारी

निवड झाली!!!

मेल तीनदा वाचला. लिहिलंय, खेळाडूंनीच सूत्रधाराला बरखास्त करावं ही कल्पना अभिनव आहे. सहकारातून उभी केलेली परग्रहवस्ती हे अस्सल विज्ञानकथेचं बीज आहे, असं याआधी पाहिलं नव्हतं. आणि पुढे, हटवादी, स्वतःवर खूश असलेल्या सूत्रधाराचं विनोदी पात्र आपण फार सुरेख वठवलंत, तक्रारअर्ज तर कळस आहे.

म्हणजे कल्पना माझीच, हे पुण्याने मान्य केलं. अभिनयाचाही उल्लेख आहे. शेवटी एक ओळ आहे, मेळाव्यात डाव नवीन सूत्रधार सौ. प्रतिक्षा यांनीच चालवावा. ती औपचारिक असावी.

संध्याकाळी संस्थेची सभा झाली. आबांनी मला तज्ज्ञ संचालक म्हणून घेतलं. तज्ज्ञ! शेवटी माझ्या विज्ञानाची कदर झाली. कॉलेजात सरांना सांगितलं. ते म्हणाले, वा, आणि व्हर्नियर?

बुधवार, २१ जानेवारी

प्रतिक्षाकडून कळलं की तज्ज्ञ संचालकाला मत नसतं. विचारलं तर सल्ला द्यायचा असतो. विचारतात का, म्हटलं. ती म्हणाली, कायद्यात तशी सोय आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

काल पुणे. गाडी मी चालवली.

हॉल भरलेला. आमच्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त माणसं, बरीच उभी. प्रतिक्षाने मंद दिवे केले नाहीत, संगीत लावलं नाही. घरी बोलते तशीच बोलत होती. पुण्याची पोरं आबांना चेअरमनसाहेब म्हणायला लागली. माऊली पाइपचं समजावून सांगत होता आणि दोघं-तिघं लिहून घेत होते. नागेशने टाळ्या घेतल्या. मी वाट बघत होतो. माझ्याजवळ बरंच होतं. भरती-ओहोटीचं बल, वर्णपट, न्यूट्रॉन तारे. तीन लेखांची प्रिंट काढून नेली होती.

डाव संपत आला तेव्हा प्रतिक्षाने माझ्याकडे बघितलं. विचारलं, तज्ज्ञ संचालक, पाणी आलंय, समोर नवीन वस्ती आहे. तुम्ही काय करता?

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मीच सगळ्यांना विचारत आलो, मला कुणी विचारलाच नव्हता. सगळा हॉल बघत होता. शेवटी म्हटलं, मी निरीक्षण करतो.

प्रतिक्षा म्हणाली, टाका फासा. टाकला. एक आला. त्याच्याखाली आकडाच नसतो.

तिने नियमाप्रमाणे सांगितलं की तुम्हाला काहीच दिसत नाही.

सगळे हसले. आबा नाही हसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ऱ्हाऊ दे, फुडच्या टायमाला दिसंल.